शेपटीचं चाक मोकळं सोडताना

जुन्या विमानांची जमिनीवरची धाव सिम्युलेटरमध्ये सोपी करून द्यावी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही. का राहिलं नाही हे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण हे मत माझ्या एकट्याचं नव्हतं. घरच्या संगणकावर जुनी विमानं चालवणाऱ्या अनेकांच्या तोंडून मी ते ऐकलं आहे आणि त्यामागची कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत.

मी मोहाडी तालुक्यातल्या करडीला राहतो. शाळेत विज्ञान शिकवतो, घरची धानाची शेती आहे. आमच्या पश्चिमेला नागपूरचा सोनेगाव विमानतळ आणि पूर्वेला गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी. इंग्रजांनी १९४० साली युद्धाच्या गरजेपोटी बांधलेल्या त्या धावपट्टीवर आज वैमानिक घडवणारी संस्था चालते. तरीही आमच्या गावात विमान ही मान वर करून बघायचीच गोष्ट आहे. मला विमानात बसण्यापेक्षा विमान समजून घेण्याची ओढ जास्त होती, म्हणून संगणक घरात आला तेव्हा फ्लाइटगिअर हे मोफत सिम्युलेटर त्यावर चढवलं. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की आत काय चाललंय ते उघडून बघता येतं. विमानाचं वजन, पंख, चाकं, इंजिन यांचे आकडे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात आणि कुणालाही ते बदलता येतात. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा खेड्यात मिळायची नाही.

ज्यांना या विमानांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजची बहुतेक विमानं तीन चाकांवर उभी असतात, दोन पंखांखाली आणि एक नाकाखाली. जुन्या विमानांना नाकाखालचं चाक नसे. पंखांखाली दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक लहान चाक, आणि त्याहून जुन्या विमानांत चाकाऐवजी नुसता एक टेकू. टायगर मॉथ, पायपर कब, स्पिटफायर, डकोटा ही सगळी याच घराण्यातली. यांना टेलड्रॅगर म्हणतात. उभी असताना त्यांचं नाक आभाळाकडे असतं, त्यामुळे चालकाला समोरची धावपट्टी दिसतच नाही. जमिनीवरून नेताना ती नागमोडी न्यावी लागतात, म्हणजे निदान आळीपाळीनं एकेका बाजूनं पुढचं दिसतं.

पण दिसत नाही ही खरी अडचण नव्हे. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, खरी अडचण तिथे आहे. विमान सरळ धावत असताना नाक किंचित डावीकडे वळलं, तर चाकं नव्या दिशेला जाऊ पाहतात आणि मागचं जडपण जुन्याच दिशेला जात राहतं. ते शेपटीला बाहेर ढकलतं, त्यानं नाक आणखी वळतं, आणखी वळल्यानं शेपूट आणखी बाहेर जाते. वेळेवर आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गरकन फिरतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पाय मोडतो. आमच्याकडे ट्रॅक्टरला जोडलेली दोनचाकी ट्रॉली मागे घेणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे ओढली तर ट्रॉली मुकाट मागे येते, मागे रेटली तर कोन वाढतच जातो. तिथे हुशारी असते ती थोडं आणि लवकर वळवण्यात. कोन डोळ्यांना ठळक दिसेपर्यंत थांबलं की गेलं.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात याच्या नेमकं उलट घडतं. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्यानं वाकडं झालेलं विमान आपसूक सरळ व्हायला बघतं. बिरसीला प्रशिक्षणासाठी डायमंड कंपनीचं डीए-४० वापरतात. त्याचं पुढचं चाक चालकाच्या पेडलला जोडलेलंच नसतं, ते मोकळं फिरतं आणि वळायला एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. तरीही ते विमान सरळ धावतं. म्हणजे चाक मोकळं आहे की बांधलेलं, यापेक्षा वजन चाकांच्या पुढे आहे की मागे हे जास्त महत्त्वाचं आहे. मला हे फार उशिरा उमगलं, आणि पुढे मत बदलायला ते एक कारण झालं.

यात इंजिनाची भर. डकोटाची दोन्ही इंजिनं मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पंखे फिरवतात. शेपूट खाली असताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं, त्यामुळे नाक डावीकडे जातं. वेग आल्यावर शेपूट उचलली की फिरत्या पंख्याचा भोवऱ्यासारखा गुणधर्म जागा होतो आणि त्या क्षणी आणखी एक हिसका डावीकडेच बसतो. टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन उलटं फिरतं, म्हणून ते उजवीकडे ओढतं. अमेरिकी कबवर पाय बसलेला माणूस इंग्रजी मॉथवर आला की नेमका चुकीचा पाय आधी दाबतो.

तर माझं जुनं मत असं होतं: माणूस सिम्युलेटर उडण्यासाठी घेतो. त्याच्या टेबलावर पायाची पेडलं नसतात. असते ती मनगटानं पिळायची जॉयस्टिक, तीही स्प्रिंगनं मध्यावर परत येणारी. पडदा हातभर रुंद. खऱ्या वैमानिकाला विमान वळू लागल्याचं बसल्या जागी कमरेला कळतं, डोळ्यांना ते नंतर दिसतं. आपल्याला फक्त डोळे, आणि तेही समोरच्या चौकटीपुरते. प्रत्यक्ष टेलड्रॅगर चालवलेल्या काही वैमानिकांचं म्हणणंही मी वाचलं होतं की संगणकावरचं हे विमान खऱ्याहून अवघड वाटतं. मग जे खऱ्याहून अवघड आहे ते सोपं करणं म्हणजे खऱ्याच्या जवळच जाणं नव्हे काय? हा युक्तिवाद मला बिनतोड वाटे. आजही त्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे.

मी तो अमलातही आणला. जेएसबीसिम या गणितपद्धतीनं लिहिलेल्या फायलींत प्रत्येक चाकापुढे ते किती अंशांत वळू शकतं याचा आकडा असतो. ३६० लिहिलं की चाक पूर्ण मोकळं, शून्य लिहिलं की बांधलेलं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये याच कामाला १८० हा आकडा आहे. मी माझ्याकडच्या जुन्या विमानांची शेपटीची चाकं एकामागून एक बांधून टाकली, आणि त्यांची आडवी पकड वाढवली. विमानं रुळावर बसवल्यासारखी धावू लागली. मुख्य चाकंच मागे घेऊन गुरुत्वमध्य त्यांच्या पुढे आणता येईल का, तेही पाहिलं. आणता येतो, पण मग विमान उभ्या उभ्या नाकावर पडतं. जवळ आणला तर ब्रेक दाबताच पडतं. मागे नेला तर वळणाचा दोष वाढतो. चाकांची जागा ही या दोन संकटांच्या मधली तडजोड आहे आणि कुणीतरी कागदावर बसून वीत-वीत विचार करून ती ठरवलेली आहे, हे त्या वेळी माझ्या हातांना कळलं. मनाला कळायला अजून वेळ होता.

मत हललं ते नागपूरच्या रात्रीच्या टपालामुळे. १९४९ साली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं निघत, चारही दिशांनी येऊन मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परत पोचत. सुरुवातीच्या त्या वर्षांत हे काम डकोटांनी केलं. देश चार टोकांनी एका रात्रीत शिवायचा आणि टाका नागपूरला घालायचा, ही कल्पनाच मला भव्य वाटते. नकाशावर कलकत्त्याहून नागपूरपर्यंत पट्टी धरली तर ती आमच्या भंडारा जिल्ह्यावरून जाते. म्हणजे कलकत्त्याची डाक आमच्या धानाच्या बांध्यांवरून जात असणार.

मला ती रात्र संगणकावर उभी करायची होती. कलकत्त्याच्या बाजूनं यायचं, सोनेगावला उतरायचं, दिव्यांच्या उजेडात विमान वळवून उभं करायचं, आणि पुन्हा निघायचं. त्यासाठी डकोटाची कार्यपद्धती नीट वाचली. तिच्या शेपटीचं चाक पूर्ण गोल फिरणारं, आणि ते सरळ स्थितीत अडकवायला चालकाजवळ एक खटका. उतरताना खटका लावलेला हवा. धाव संपून वेग पायी चालण्याइतका झाला की खटका सोडायचा, मग बाहेरच्या बाजूच्या इंजिनाला जोर देऊन आणि आतल्या बाजूच्या ब्रेकला हलकासा दाब देऊन वळण घ्यायचं. वळण पुरं होण्याआधीच ते थांबवायला सुरुवात करायची, कारण एवढं जडपण एकदा फिरू लागलं की लगेच थांबत नाही. उड्डाणासाठी धावपट्टीवर आलं की थोडं सरळ पुढे न्यायचं, म्हणजे मोकळं चाक आपोआप सरळ होतं, आणि मगच खटका लावायचा. चाक तिरकं असताना खटका लावू गेलं तर तो बसतच नाही.

हे सगळं मी माझ्या दुरुस्त केलेल्या विमानात करत होतो आणि पुतण्या शेजारी बसून बघत होता. त्यानं विचारलं, ‘काकाजी, हा खटका कायले आहे? लावला काय, सोडला काय, फरक तं काहीच नाही पडत.’

खरंच पडत नव्हता. चाक मी आधीच बांधून टाकलेलं होतं. रात्री थकलेल्या वैमानिकानं, दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात, इतर विमानांच्या मधून आपलं विमान वळवताना जी काळजी घेतली ती सगळी माझ्या पडद्यावर होती, फक्त तिचं कारण नव्हतं. चित्र तेच, आवाज तोच, खटका तिथेच, आणि त्या खटक्याला काही अर्थ नाही. मी इतिहास समजून घ्यायला बसलो होतो आणि त्या इतिहासाचा कणा काढून ठेवला होता. त्या रात्री नागपूरला उतरणाऱ्या माणसांचं कसब हवेत जितकं होतं तितकंच चाकं टेकल्यानंतरच्या त्या दोन-चार मिनिटांत होतं. ते सोपं करून मी त्यांच्या जवळ गेलो नव्हतो, दूर गेलो होतो.

त्या संध्याकाळी मी फायलींतले मूळ आकडे परत लिहिले. अवघडपणा परत आला, आणि त्याबरोबर माझी जुनी तक्रारही. पण आता ती तक्रार मला एका प्रश्नाऐवजी दोन प्रश्न वाटू लागली. यातलं विमानाचं काय आणि सिम्युलेटरचं काय?

सिम्युलेटरचे दोष खरे आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. वारा हा त्यातला मोठा. जमिनीलगत वारा मंदावतो, उंच गेल्यावर वाढतो. उभ्या धानातून चालणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. अनेक सिममध्ये मात्र वर जेवढा वारा तेवढाच चाकांच्या उंचीवर लागतो. शेपटीच्या उभ्या पंखावर तो पडला की विमान वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करतं, हळू चालतानाही. यात बिचाऱ्या विमानाचा काही दोष नाही. दुसरी गोष्ट घर्षणाची. बऱ्याच फायलींत स्थिर घर्षण ०.८, घसरताना ०.५, नुसतं गडगडताना ०.०२ असे ठरावीक आकडे दिसतात. कोरड्या काँक्रीटला ते चालून जातात. पण ते मुख्य चाकाला, शेपटीच्या चिमुकल्या चाकाला आणि टेकूला सरसकट लावलेले असतात, आणि डांबरावरही तेच, गवतावरही तेच. प्रत्यक्षात टायर तिरका झाला की त्याची आडवी पकड हळूहळू वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर सुटते. स्वस्त गणितात ती एकदम असते आणि एकदम नसते. म्हणून विमान चिकटून राहतं, आणि मग अचानक निसटतं. हे दुरुस्त केलंच पाहिजे, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे सोपं करणं नव्हे.

जमिनीचा मुद्दा मला आणखी पुढे घेऊन गेला. ही विमानं ज्या काळातली, त्या काळात विमानतळ म्हणजे बहुधा एक मोकळं मैदान. वारा ज्या दिशेनं असेल त्या दिशेला तोंड करून उडायचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून डाक घेऊन पस मॉथ विमानानं जुहूला उतरले. ते जुहू म्हणजे समुद्राकाठची सखल जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांना आपला सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. टायगर मॉथला तर मुळात ब्रेकच नव्हते. शेपटीचा टेकू गवतात रुतून चालायचा, तोच ब्रेक आणि तोच सरळ ठेवणारा नांगर. अशा विमानाला मी नागपूरच्या तीन किलोमीटरहून लांब डांबरी धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात उभं करत होतो आणि ते बहकलं की त्याला वेडंवाकडं ठरवत होतो. गवतावर चाक थोडं आडवं सरकतं, चूक पोटात घालतं. डांबर चाकाला घट्ट धरतं आणि सगळा जोर वळणात जातो. आता मी मॉथ चालवतो ती गवताच्या मैदानावर, वाऱ्याकडे तोंड करून. तिथे ते फारच शहाणं विमान आहे. इथे एक अक्षरही सोपं करावं लागलं नाही, फक्त त्याची जमीन त्याला परत द्यावी लागली.

आता माझ्या जुन्या मताचा तो अर्धा भाग, जो मला अजून मान्य आहे. टेबलापाशी बसलेल्या माणसाकडे वैमानिकाच्या जाणिवा नसतात, हे खरंच. त्याला मदत हवी, हेही खरं. माझं मत बदललं ते मदत कुठे द्यायची याबद्दल. पूर्वी मी ती विमानाला देत होतो. आता वाटतं, ती माणसाला द्यावी. निसर्गनियमाला हात लावू नये. कान, डोळे आणि हात यांना जे मिळत नाही ते मिळवून द्यावं.

म्हणजे काय ते सांगतो. नाकामुळे पुढचं दिसत नाही, तेव्हा खरा वैमानिक नजरेच्या दोन्ही कडांनी धावपट्टीच्या दोन्ही कडा धरून असतो. हातभर पडद्यावर त्या कडा येतच नाहीत. दृश्याचा कोन रुंद केला आणि डोळ्याची जागा थोडी उचलली की त्या येतात. विमान वळू लागताच पडद्यावरचं दृश्य किंचित झुकावं, टायर आडवा घासू लागताच त्याचा आवाज यावा. कमरेला जे कळतं ते कानाला कळू द्यायचं. पिळायच्या जॉयस्टिकचा प्रवास चिमटीएवढा. मधल्या भागात तिची संवेदना मंद करणारी वक्ररेषा लावली की पायानं द्यायचा हलका दाब मनगटानं देता येतो. कंपनीनं मध्यभागी ठेवलेला मृत भाग मात्र होईल तितका कमी करावा, कारण टेलड्रॅगरला सगळं काम मधल्या त्याच भागात असतं. जमलं तर साधी पेडलं मिळवावीत. मला ती नंतर मिळाली, आणि ती येईपर्यंत जॉयस्टिकवरही निभावलं.

एवढं केलं आणि तंत्र शिकलो, तेव्हा अवघडपणा कमी न होताही तो आवाक्यात आला. तंत्र म्हणजे तरी काय? उतरल्यावर दांडी पोटाशी घट्ट ओढून धरायची, म्हणजे शेपटीचं चाक जमिनीवर दाबलं जातं. वारा पुढून-बाजूनं असेल तर दांडी वाऱ्याकडे कलती ठेवायची, मागून असेल तर त्याच्यापासून दूर आणि पुढे. पाय सतत हलते ठेवायचे. सर्वांत धोक्याचा काळ धाव निम्मी संपल्यावरचा: वेग कमी झाल्यानं रडरवर, म्हणजे पेडलनं हलणाऱ्या शेपटीच्या सुकाणूवर, हवेचा जोर उरलेला नसतो, आणि वेग अजून इतका असतो की ब्रेक जोरात दाबणं परवडत नाही. विमान टेकलं म्हणून सुटकेचा श्वास सोडायचा तो इथे नाही, पूर्ण थांबल्यावर. ही शिस्त मी बांधलेल्या चाकाच्या विमानावर कधीच शिकलो नसतो, कारण तिची गरजच पडली नसती.

मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानात दांडी पोटाशी असली की शेपटीचं चाक पेडलला जोडलेलं राहतं आणि थोडंच वळतं. दांडी पुढे ढकलली की ते मोकळं होतं. किती विचार आहे यात! उतरताना दांडी तशीही मागेच असते, आणि नेमकं तेव्हाच चाक धरलेलं हवं. रचनाकारानं वैमानिकाच्या सवयीला धरून यंत्र बसवलं. सिममध्ये सगळं आपोआप सरळ धावू लागलं की असला सुंदर विचार कुणाच्या लक्षातही येत नाही.

एका गोष्टीवर मी अजून पूर्ण ठाम नाही, तीही सांगून टाकतो. सिममध्ये आपोआप रडर सांभाळणारी सोय असते. लहान मुलाला पहिल्यांदा बसवताना ती चालू ठेवावी का? पुतण्या आला तेव्हा मी ठेवली होती, आणि त्याला विमानाची गोडी लागली ती त्यामुळेच, हे मी नाकारत नाही. ज्याला चार घटका ढगांत जायचं आहे त्याला सोय नाकारणारा मी कोण? पण ती सोय आहे, आणि ती चालू आहे, हे त्याला दिसत राहावं. विमानाच्या फायलीत लपवून ती विमानाचा स्वभाव म्हणून त्याच्या हाती देऊ नये. पहिल्या प्रकारात मुलगा उद्या ती बंद करू शकतो. दुसऱ्या प्रकारात बंद करण्यासारखं काही आहे हेच त्याला कळत नाही. पुतण्यानं ती पुढे आपणहून बंद केली आणि डकोटाचा खटका आता तो न सांगता लावतो. ‘चाक सिधं झाल्याबिगर लागतच नाही जी,’ असं तो मलाच शिकवतो.

हे मत पक्कं झाल्यापासून एक विमान माझ्या मनात घोळत आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-२. स्वतंत्र भारतात आरेखन होऊन उडालेलं हे प्रशिक्षण विमान पहिल्यांदा ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेलं. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. हवेचा प्रवाह पृष्ठभागालगत कसा वागतो याच्या आधुनिक शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या प्रांटलचा विद्यार्थी भारतात परत येऊन आपल्या मुलांना उडायला शिकवणारं विमान काढतो. आणि ते विमान टेलड्रॅगर आहे. चाकं कुठे ठेवायची, नाकावर पडण्याचा धोका किती घ्यायचा आणि वळण्याचा किती, ही जी तडजोड मी आकडे बदलून बदलून चाचपडत होतो, ती घाटग्यांच्या चमूनं खऱ्या धातूत केली. वायुसेनेतल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी पहिले धडे त्यावर गिरवले. त्याच्यामागून आलेलं एचपीटी-३२ नाकाखाली चाक असलेलं निघालं. फ्लाइंग क्लबांसाठी याच कारखान्यानं १९५८ साली पुष्पक काढलं, तेही शेपटीच्या चाकाचं.

कब, मस्टँग, स्पिटफायर यांची जमिनीवरची वागणूक जगभरच्या वैमानिकांनी लिहून ठेवली आहे, म्हणून त्यांच्या फायली सुधारत जातात. कुणी सांगतं, इतक्या वाऱ्यात इतका पाय लागतो. कुणी सांगतं, गवतावर ते इतकं सरकतं. आकडे लिहिणारा त्यावरून घासत जातो. एचटी-२ आणि पुष्पकासाठीही असं कुणीतरी सांगायला हवं. ती चालवलेली माणसं आज वयस्क आहेत, त्यांतली काही पुण्या-नागपुरात घरी आहेत. एचटी-२ कोणत्या बाजूला ओढायचं, शेपूट किती वेगाला उचलायची, धाव निम्मी झाल्यावर पाय कसा ठेवायचा, ब्रेकवर किती विसंबायचं, पावसाळी मऊ मैदानात ते कसं वागायचं? आरेखनाचे कागद संग्रहालयात राहतील. पायांना आठवणारी ही उत्तरं त्या कागदांवर नाहीत. ज्यांच्या घरी असे आजोबा, काका आहेत त्यांनी फोनवर नुसतं बोलणं ध्वनिमुद्रित केलं तरी पुरे. मी आणि पुतण्यानं एचटी-२ ची फाईल लिहायला घेतली आहे. वजन, पंखांची लांबी, इंजिन यांच्या जागा भरल्या आहेत. शेपटीच्या चाकापुढचे आकडे अजून कोरे आहेत. ते अंदाजानं भरायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे.